बंदुकीची माशी काढायची दोन हत्यारं: ड्रिफ्ट वेगळा, पुशर वेगळा

जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि मालवणच्या बाजूला असलेल्या आमच्या लेथच्या शेडवर काम निम्म्यावर येतं. अशाच एका पावसाळ्यात एक काका छत्री झटकत आले. बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेला हा जुना माणूस. म्हणाले, "झिला, माशी काढूचा टूल करून दी."

मी मान हलवली, माप घेतलं आणि दोन दिवसांनी पितळेचा एक सुबक दांडा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. "ह्यो ड्रिफ्ट. ह्यो माझ्याकडे आसा. माका पुशर होयो."

तेव्हापासून बघतोय, हा घोळ सगळ्यांचाच होतो. दोन्ही हत्यारं एकाच जागी लागतात, दोन्ही माशीला आडवी ढकलतात आणि दोन्हींना लोक सरसकट 'माशी काढायचं टूल' म्हणतात. कामं मात्र दोघांची निराळी आहेत.

आधी माशीबद्दल. रायफलच्या नळीच्या तोंडाशी नेम धरायला वर उभा असलेला बारीक खुंट म्हणजे माशी. पुष्कळ रायफलींवर ती आडव्या डव्हटेल खाचेत घट्ट बसवलेली असते. खाच तळाशी रुंद आणि वर अरुंद असते, सुतार ड्रॉवरच्या कोपऱ्याला करतो तशी. त्यामुळे माशी वर उचलून निघत नाही, फक्त डावी-उजवीकडे सरकते. जुन्या थ्री-नॉट-थ्री ली-एनफिल्ड रायफलवर अशीच सोय आहे. सगळीकडे ती असेलच असं मात्र धरू नका. आपल्याकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ज्या ठासणीच्या बंदुका असतात, त्यांची माशी अनेकदा झाळलेली किंवा आटे पाडून बसवलेली असते. काही रायफलींवर माशी आणि तिचा पाया एकसंध असतात आणि पिना मारून नळीवर पक्के केलेले असतात. तिथे ही दोन्ही हत्यारं बाजूला ठेवायची. झाळलेल्या माशीला आडवा जोर लावला तर नळीवर ओरखडा आणि हातात तुकडा, एवढंच मिळतं.

ड्रिफ्ट म्हणजे नरम धातूचा दांडा. एक टोक माशीच्या पायाला टेकवायचं, दुसऱ्यावर हातोडी मारायची. पितळ घेतात कारण ते पोलादापेक्षा मऊ असतं आणि मार बसला की स्वतः चेपतं, माशीला खाचा पाडत नाही. ॲल्युमिनियम फारच मऊ, दहा ठोक्यांत त्याची छत्री होते. इथे आणखी एक गल्लत होते ती पंचची. पिन काढायचा पंच कडक पोलादाचा आणि टोकाला बारीक असतो. तो माशीवर चालवला की माशीची कड गेलीच म्हणायची. होडीच्या भंगारातून पितळी दांडे सहज मिळतात. माझा पहिला ड्रिफ्ट अशाच तुकड्याचा होता: 12 मिलीमीटर जाड, टोक एका बाजूने सपाट तासलेलं, म्हणजे ते नळीला न घासता खाली पायापर्यंत पोचतं.

पुशर म्हणजे स्क्रूचं छोटं दाबयंत्र. एका बाजूला नळीला टेका, दुसऱ्या बाजूने बोल्ट फिरवायचा आणि बोल्टचं टोक माशीला हळूहळू ढकलतं. ब्रिटिश सैन्यातले आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे, ली-एनफिल्डची माशी सरकवायला असाच स्क्रूचा क्रॅम्प वापरत. एके-47 जातीच्या रायफलींसाठीही माशी सरकवायचं जे हत्यार येतं, ते मुळात एक लहान सी-क्लॅम्पच असतं.

मग ड्रिफ्ट असताना पुशर कशाला? शेडवर बसलेल्या एका तांडेलानेही (होडीचा म्होरक्या) हेच विचारलं होतं, "ठोकून निघता तर ह्यो स्क्रूचो खेळ कित्याक?"

उत्तर हिशेबात आहे. माशी आणि मागची खाच (डोळ्याजवळची, नेम धरताना जिच्यातून माशी बघतात ती) यांच्यात 600 मिलीमीटर अंतर धरा. माशी 0.2 मिलीमीटर सरकली तर 50 मीटरवर गोळी 16-17 मिलीमीटर बाजूला जाते. एम-10 च्या, म्हणजे 10 मिलीमीटर जाडीच्या, साध्या बोल्टला एका फेऱ्यात 1.5 मिलीमीटर चाल असते, म्हणजे एक अष्टमांश फेरा फिरवला की माशी सुमारे 0.19 मिलीमीटर सरकते. पान्यावर खडूची रेघ मारून हे मोजता येतं. हातोडीचा ठोका असा मोजता येत नाही. तीन ठोक्यांना माशी जागची हलत नाही आणि चौथ्याला अर्धा मिलीमीटर पळते. मग उलट ठोका, मग परत इकडे, आणि असं करता करता खाचच सैल होते.

दिशेचं सूत्रही इथेच सांगतो, कारण ते नेहमी उलटं लक्षात राहतं. गोळ्या उजवीकडे लागत असतील तर माशी उजवीकडेच न्यायची, ती गोळीच्या मागे जाते. मागची खाच मात्र गोळी जिकडे हवी तिकडे न्यायची.

एवढ्यावरून पुशर श्रेष्ठ असं वाटेल. मलाही वाटलं होतं, आणि त्यातच माझा पहिला नमुना फसला. 6 मिलीमीटरच्या पट्टीची चौकट वाकवली, नट वेल्ड केला, बोल्ट बसवला. सरावाला एक लोखंडी दांडा घेऊन त्यात तिकोनी कानशीने 60 अंशांची खाच पाडली (कानशीची एक बाजू ग्राइंडरवर गुळगुळीत करून घ्यावी लागते, नाहीतर ती खाचेचा तळही खात जाते). तिच्यात खोटी माशी घट्ट बसवली, मिठाच्या पाण्यात बुडवून आठ दिवस पागोळीखाली ठेवली. आपल्याकडे खाऱ्या हवेत नीट न पुसलेल्या बंदुकीचं जे होतं तेच तिचं झालं. पुशर लावून बोल्ट आवळत गेलो तर माशी ढिम्म. पट्टीची चौकट मात्र इंग्रजी सी सारखी उघडायला लागली, बोल्टचं टोक वर चढलं आणि एकदम कट्ट आवाज होऊन माशी दीड मिलीमीटर उडाली. टोक माशीच्या पात्यावर, म्हणजे वरच्या पातळ भागावर, आलं होतं, पातं वाकलं.

गंजाचं असं आहे की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. खाचेच्या फटीत तो फुगतो आणि पाचरीसारखा धरून बसतो. स्क्रूचा दाब हळू वाढतो, चौकट ताण साठवत जाते आणि पकड सुटली की सगळा ताण एका झटक्यात मोकळा होतो. म्हणजे अडकलेल्या माशीवर पुशरचं मोजमापही खोटंच. उलट ठोक्याचा जोर क्षणभरच असतो, पण तो इतका तीव्र असतो की ठिसूळ गंज तडकतो. होडीच्या शाफ्टवर गंजलेला पंखा काढताना आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो: पुलर (पंखा ओढून काढायचं स्क्रूचं हत्यार) ताणून ठेवायचा आणि मग बाजूने एक ठोका. हातात रोज असलेली गोष्ट माशीच्या वेळी मला आठवली नाही, याची अजून गंमत वाटते.

तेव्हा गंजलेल्या माशीला आधी सुटं करणारं तेल एक रात्र, मग ड्रिफ्टचे आखूड, ठाम ठोके. टपटप करत शंभर हलके ठोके मारण्यापेक्षा थोडी जड हातोडी बरी. माशी एकदा हलली की ड्रिफ्ट खाली ठेवायचा आणि पुशर घ्यायचा. गॅसची ज्योत मात्र नकोच. शेजारचा एखादा भाग कथलाने झाळलेला असेल तर 180-190 अंशांनाच तो सुटायला लागतो.

दुसरा पुशर मी 12 मिलीमीटरच्या प्लेटमधून कापला. नळीखाली सागवानाचा व्ही-ठोकळा, त्यावर चामडं. समोरच्या जबड्यात माशी बाहेर येण्याइतकी खाच. ही विसरली तर माशी जबड्यालाच टेकते आणि तुम्ही नुसतं नळीला चेपत बसता. बोल्टच्या टोकाला पितळी टोपी अशी बसवली की बोल्ट फिरला तरी ती फिरत नाही, नाहीतर टोक माशीवर घासत राहतं. टोपी जितकी खाली बसेल तितकं चांगलं. जोर पायावर हवा, पात्यावर नव्हे.

बंदूक माझ्या शेडमध्ये आली नाही आणि येणारही नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुसऱ्याची बंदूक दुरुस्त करून द्यायला परवाना लागतो. तो काकांकडे आहे, माझ्याकडे नाही. मी लोखंड कापतो. त्यांची पद्धत मी त्यांच्याकडेच पाहिली: बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघायचं, रायफलचा बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) काढून बाजूला ठेवायचा, मग माशी आणि ती ज्यात बसते तो नळीवरचा भाग यांच्यावर मिळून पेन्सिलची एक बारीक रेघ, परत बसवताना जागा सापडावी म्हणून. माशी सहसा डावीकडून उजवीकडे काढतात आणि उजवीकडून आत घालतात. पण सगळ्याच कारखान्यांनी हा रिवाज पाळलेला नाही, म्हणून आधी खाचेचं कोणतं तोंड रुंद आहे ते भिंगातून बघतात.

काम झालं की ते माशीवर लागलेला पितळेचा पिवळा डाग ब्रशने घासून काढतात आणि तेलाचं बोट फिरवतात. पुशरची टोपीही पितळी, त्यामुळे तिचाही डाग राहतो, फक्त कमी. हा डाग दिसायला निरुपद्रवी असतो, पण समुद्राच्या ओलीत पितळ आणि लोखंड चिकटून राहिले की आधी लोखंड खाल्लं जातं. होडीच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात तेही यासाठीच, लोखंडाऐवजी त्यांनी झिजावं म्हणून. माशीला असा ठोकळा लावता येत नाही, तेव्हा ब्रशच.