सदरलंडची ‘सॉल्ट’: न झुकणाऱ्या दुर्बिणीची पार्श्वभूमी

सॉल्ट म्हणजे ‘सदर्न आफ्रिकन लार्ज टेलिस्कोप’, दक्षिण आफ्रिकेतल्या सदरलंडजवळची मोठी दुर्बीण. तिची गोष्ट केपटाऊनपासून सुरू होते. तिथली वेधशाळा १८२० सालची. अल्फा सेंटॉरी ताऱ्याचं अंतर ज्यावरून निघालं, ते खगोलज्ञ थॉमस हेंडरसनचे वेध तिथलेच. पुढे शहराचा उजेड वाढला. १९७२ मध्ये केप आणि जोहान्सबर्गच्या वेधशाळा एकत्र करून राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि दुर्बिणी कारू पठारावर, सुमारे ३७० किलोमीटरवरच्या सदरलंडजवळ हलल्या. प्रिटोरियातली १.९ मीटरची रॅडक्लिफ दुर्बीणही तिथेच आली. मग अनेक वर्षं तीच सर्वांत मोठी राहिली.

तिच्याहून मोठ्या दुर्बिणीसाठी, म्हणजे सॉल्टसाठी, पैसा मर्यादित होता. म्हणून टेक्सासच्या हॉबी-एबर्ली दुर्बिणीचा आराखडा सुधारून घेतला. आरसा डोक्यावरच्या बिंदूपासून ३७ अंशांवर कायमचा कललेला. सांगाडा हवेच्या गाद्यांवर उचलून हव्या त्या दिशेला फिरवायचा, खाली टेकवायचा आणि वेध संपेपर्यंत हलवायचा नाही. तारा सरकतो, तसं त्याच्या प्रतिमेमागे आरशाच्या वर टांगलेलं यंत्र सरकतं. आरशाच्या ९१ षटकोनी तुकड्यांची वक्रता एकसारखी, त्यामुळे घासकाम स्वस्त पडतं. पण गोलीय आरशाची प्रतिमा मुळातच पसरट, म्हणून वर चार आरशांचा दोषनिवारक बसवावा लागतो. आकाशाचं फक्त एक कडं, अंगठीसारखा पट्टा, दिसतं. बहुतेक तारे त्यातून रात्रीत दोनदा जातात, पूर्वेला चढताना आणि पश्चिमेला उतरताना. प्रत्येक खेपेला साधारण तासभर मिळतो. वेळेचं गणित आधीच मांडावं लागतं. त्यामुळे संशोधक स्वतः येत नाहीत, वेध तिथले खगोलज्ञच घेतात. पुण्याची खगोलशास्त्र संस्था ‘आयुका’ भागीदार आहे, तिच्या प्रस्तावांनाही हाच नियम.

उद्घाटन १० नोव्हेंबर २००५ ला झालं, पण दृश्यक्षेत्राच्या कडेला तारे लांबट दिसू लागले. दोष आरशात नव्हता. दोषनिवारक ज्या जोडणीवर बसवला होता, तिचा ताण त्याच्या आरशांपर्यंत पोचत होता. २००९ मध्ये तो उतरवून जोडणी नव्याने केली. मुख्य वर्णपटमापकही (प्रकाश रंगांमध्ये विभागणारं यंत्र) उतरवावा लागला, कारण भिंगांमधला द्रव दूषित होऊन अतिनील प्रकाश गिळत होता. नियमित काम २०११ मध्ये सुरू झालं. तुकडे एकमेकांशी जुळलेत का हे पाहणारे, कडांवरचे संवेदक मात्र दमटपणाने फसत राहिले. ते बदलेपर्यंत रात्रीतून अनेकदा वेध थांबवून ९१ तुकडे जुळवावे लागत. मोठ्या दुर्बिणीवर वेधाचा वेळच सर्वांत महाग, आणि तोच असा वाया जात होता.

ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (अतिघन मृत तारे) टकरीचा उजेड सूर्यास्तानंतर थोडाच वेळ पश्चिमेला दिसत होता. काळोखाची वाट पाहिली असती, तर तो कड्याबाहेर गेला असता. सॉल्टने त्याचा वर्णपट संधिप्रकाशातच टिपला.