देशांतर्गत खनिज तेल उत्पादनातील घट

देशाच्या जमिनीखालून आणि समुद्रतळाखालून निघणारे कच्चे तेल वर्षानुवर्षे कमी होत जाणे. भारताचे उत्पादन १९८९-९० मध्ये सुमारे ३.४ कोटी टन होते. पुढे खाली-वर होत २०११-१२ मध्ये ते ३.८ कोटी टनांपर्यंत चढले आणि तिथून उतरत २०२३-२४ मध्ये २.९४ कोटी टनांवर आले. याच काळात पेट्रोल, डिझेल, गॅस वगैरे मिळून देशाचा खप साधारण चौपट झाला. आज लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी सुमारे ८८ टक्के बाहेरून येते. १९८० च्या दशकाच्या मध्यात मात्र निम्म्याहून अधिक गरज घरच्याच तेलावर भागत होती.

तेलविहिरीचे दुखणे सांगली जिल्ह्यातल्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या माणसाला फार समजावून सांगावे लागत नाही. बोअरची गाडी शेतात उभी राहते, आधी राखाडी भुकटी उडते, मग भुकटी ओली होते आणि कोणीतरी ओरडते, ‘दोन इंची लागलं!’ पुढच्या उन्हाळ्यात तीच बोअर गचके खात चालते, शेजारी आणखी खोल जातो आणि दोघांचेही पाणी उतरते. तेलाचेही पुष्कळसे असेच. फरक एवढाच, पण तो फार मोठा, की पाऊस पडला म्हणून तेलाचा साठा पुन्हा भरत नाही.

जमिनीखाली तेलाचे तळे नसते. ते वाळूच्या किंवा चुनखडीच्या खडकातल्या बारीक छिद्रांत, दाबाखाली, वायू आणि पाण्यासोबत कोंडलेले असते. विहीर खोदल्यावर हा दाबच त्याला वर ढकलतो. दाब उतरला की तेलात विरघळलेला वायू सुटा होतो, तेलाच्या आधी तोच विहिरीकडे धावतो आणि तेल मागे खडकाला चिकटून राहते. म्हणून कडेच्या विहिरींतून पाणी सोडून दाब टिकवतात. काही वर्षांनी तेच पाणी तेलाबरोबर वर येऊ लागते, त्याचे प्रमाण वाढत जाते आणि विहीर परवडेनाशी होते. एवढे करूनही मूळ साठ्यातला साधारण एक तृतीयांश भागच हाती लागतो.

मुंबई हाय हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात ‘सागर सम्राट’ या खोदयंत्राने १९७४ मध्ये तिथल्या चुनखडीत तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९८० च्या दशकाअखेरीस हे एकच क्षेत्र देशाच्या निम्म्याहून अधिक तेलाचा भार वाहत होते. परकीय चलनाची तंगी होती, मागणी वाढत होती आणि उपसा जोरात चालला. तेलाबरोबर येणारा वायू बेसुमार वाढला, दाब सावरण्यासाठी कित्येक विहिरी बंद ठेवाव्या लागल्या आणि १९९२-९३ मध्ये देशाचे उत्पादन २.७ कोटी टनांपर्यंत घसरले. त्या पिढीच्या अभियंत्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्या हाती दुसरे मुंबई हाय नव्हते, हे विसरू नये.

घटीचे खरे मूळ इथे आहे. जुने क्षेत्र म्हातारे होणारच. त्याची जागा घेणारे नवे क्षेत्र वेळेवर सापडले नाही, म्हणून आलेख उतरला. देशात गाळाच्या खडकांच्या २६ द्रोणी, म्हणजे गाळ साचून भरलेले खोलगट प्रदेश, आहेत, क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर. प्रत्यक्ष शोधाखाली आलेला भाग त्यातला फार थोडा. राजस्थानात बाडमेरचे मंगला क्षेत्र २००४ मध्ये सापडले, २००९ मध्ये तेल देऊ लागले, आणि २०११-१२ च्या चढाला मोठा हातभार त्याचाच होता. कृष्णा-गोदावरी द्रोणीच्या खोल पाण्यातल्या एका क्षेत्राचे पहिले तेल तर शोधानंतर दशकाहून अधिक काळाने, जानेवारी २०२४ मध्ये निघाले.

शोधविहीर हा जुगारच. बहुतेक विहिरी कोरड्या जातात. हा तोटा सोसायला कंपनीकडे पैसा शिल्लक राहावा लागतो. इथे सुमारे दशकभर सरकारी तेल कंपन्यांना इंधनाच्या अनुदानाचा वाटा उचलण्यासाठी कच्चे तेल सवलतीत द्यावे लागले. वर उपकर होता: २०१२ पासून टनामागे ४,५०० रुपये. जगात भाव कोसळले तरी तो तेवढाच राहिला. २०१६ मध्ये किमतीच्या २० टक्के असा बदलला. परवान्यांची धोरणे १९९० च्या दशकाअखेरीस आणि पुन्हा २०१६ मध्ये बदलली, पण मोठ्या परदेशी कंपन्या फारशा आल्या नाहीत.

घट अटळच असते असेही नाही. अमेरिकेचे उत्पादन १९७० मध्ये दिवसाला सुमारे ९६ लाख बॅरल होते, २००८ पर्यंत ते ५० लाखांवर आले आणि नंतर शेल नावाचा घट्ट, गाळाचा खडक फोडून काढलेल्या तेलामुळे १.३ कोटींच्या पुढे गेले. तिथे जमिनीचा मालक पुष्कळदा खालच्या तेलाचाही मालक असतो आणि स्वतःच कंपनीशी करार करतो. आपल्याकडे तेल काढण्याचा पट्टा सरकार देते.

‘मग आपल्याच जिल्ह्यात खोल खणून का बघत नाहीत?’ हा प्रश्न कराड-पाटणकडे नेहमी ऐकू येतो. खणले आहे, मात्र तेलासाठी नव्हे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर तिथली जमीन का हलते ते जाणून घेण्यासाठी परिसरात दीड किलोमीटर खोलीची अनेक छिद्रे आणि गोठणे येथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. त्यातून निघालेल्या खडकाच्या कांड्या पाहिल्या की सह्याद्रीचे पोट उलगडते: लाव्हा थिजून झालेला काळा कातळ, मधेच पांढऱ्या खनिजाने बुजलेली छिद्रे, दोन लाव्हांमध्ये लालसर पट्टा, पुन्हा कातळ. गोठण्याला हे १,२४७ मीटरपर्यंत चालते आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना, स्फटिकी खडक लागतो. तेल तयार होते ते गाळाच्या थरांत गाडलेल्या जीवांपासून, आणि तो गाळाचा थर इथे मधे नाहीच. तापी-नर्मदेच्या बाजूला कातळाखाली असे थर असल्याचे भूभौतिक पाहणीत दिसले आहे. कोयनेचे उत्तर तिकडे लावता येत नाही.

सातारा-सांगलीचा इंधनाशी उत्पादक म्हणून संबंध येतो तो उसामुळे. साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून इथेनॉल निघते आणि २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधले त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. पाऊस कमी पडला की हाही झरा आकसतो: साखर कमी पडण्याच्या भीतीने डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली होती. शिवाय हे मिश्रण पेट्रोलपुरतेच आहे. कारखान्याकडे ऊस ओढणारे ट्रॅक्टर डिझेलवर चालतात, आणि देशात सर्वांत जास्त खपणारे इंधन डिझेलच आहे.