कोबा, सागवान आणि आईचा पाट

डिसेंबरात परभणीचा पारा दहाच्या खाली उतरला की पहाटे चहा ठेवायला जाताना पाय आपोआप चवड्यांवर येतात. गेल्या वर्षी आम्ही स्वयंपाकघर नव्याने केलं. खाली करड्या सिमेंटचा कोबा, ओट्याखाली आणि भिंतीला सागवानी कपाटं. पहिल्याच थंडीत आई म्हणाली, "खाली बर्फ झालाय रे नुसता. लाकडाला हात लावला की कसं ऊबदार लागतंय."

कोरोनाच्या काळात घेतलेलं, लांबूनच ताप मोजणारं यंत्र घरात होतं. वस्तूचं तापमान मोजायची सोय त्यात आहे. कोब्यावर धरलं, 18 अंश. कपाटाच्या दारावर धरलं, 18. आई ज्यावर बसून भाजी निवडते तो पाट मोजला, तोही 18.

तरीही आईचं म्हणणं खरंच होतं. तळपायाला तापमान कळत नाही. अंगातली उष्णता किती झपाट्याने निघून चालली आहे, हे त्याला कळतं. काँक्रीट उष्णता वाहून नेण्यात सागवानाच्या सुमारे आठ-दहा पट पटाईत, शिवाय जड. पायाखाली जरा ऊब आली की ती लगेच खोल ओढून घेतं आणि वरचा थर पुन्हा गार. लाकडाच्या पोकळ पेशींमध्ये हवा कोंडलेली असते. त्याचा वरचा पातळ थर पटकन तापतो आणि ऊब तिथेच थांबते. तळपाय 30 अंशांवर धरून मी गणित मांडलं, तर 18 अंशांच्या कोब्यावर टेकताक्षणी त्वचेचं तापमान 22-23 पर्यंत घसरतं, लाकडावर ते 26-27 वर अडतं. या चार अंशांच्या फरकालाच आपण गार आणि ऊबदार म्हणतो. आपल्याकडे जेवायला पाट मांडायची रीत आहे, तिच्यामागे हा हिशेब चोख बसलेला आहे.

मग गार लागणारा कोबा घातलाच कशाला? मे महिन्यासाठी. मराठवाड्यात थंडी दोन महिन्यांची आणि ऊन चार महिन्यांचं. बाहेर 42 अंश असताना जमिनीला टेकलेला कोबा हवेपेक्षा बराच गार राहतो, कारण त्याच्याखालची गार माती त्याची उष्णता ओढून घेत राहते. तोच सिमेंटचा स्लॅब डोक्यावर आला की उलटं होतं. दिवसभर उन्हात तापतो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. जुन्या माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर माती घातलेल्या छपराच्या, जाड मातीने हा त्रास होऊ दिला नव्हता. पण त्याच मातीचं आणि दगडी भिंतींचं ओझं 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरात झोपलेल्या माणसांवर कोसळलं. त्यामुळे माळवदाचा गारवा परत हवा असं म्हणताना मला अडखळायला होतं. गारव्यासाठी जडपणा पायाखाली असावा, डोक्यावर नको.

कोब्याचं खरं भवितव्य पहिल्या आठवड्यात ठरतं. सिमेंट वाळून घट्ट होतं असा समज सर्रास आहे. ते वाळून नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. सिमेंटचे कण पाण्याशी संयोग पावतात, त्यातून सूक्ष्म तंतूंसारखी जाळी तयार होते आणि तीच खडी-वाळू धरून ठेवते. 50 किलोच्या एका गोणीला या क्रियेतच साडेअकरा लिटरच्या आसपास पाणी कायमचं अडकून पडतं. पाणी आधीच उडून गेलं तर क्रिया अर्धवट राहते. मग वर्षभरात कोबा पायाखाली भुकटी सोडू लागतो आणि झाडू मारला की पांढरी धूळ उठते. उलट, थापायला सोपं जावं म्हणून कालवतानाच जादा पाणी ओतलं, तर ते उडून गेल्यावर आत छिद्रं राहतात. म्हणजे सिमेंट-वाळूच्या मसाल्यात पाणी कमी हवं आणि थापल्यावर वरून भरपूर हवं.

आमचे मिस्त्री म्हणाले, "दादा, आठ दिवस पाणी कुठून मारायचं? टँकरला पैसे लागतात." बोलणं रास्त होतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते इथे कोणी विसरलेलं नाही. आम्ही ओली गोणपाटं अंथरून वर प्लॅस्टिकचा कागद झाकला आणि कडा विटांनी दाबल्या. उडणारं पाणी कागदाला लागून परत खाली येई. दिवसाआड दोन बादल्यांत भागलं. काम संध्याकाळी सुरू केलं, कारण दुपारच्या कोरड्या वाऱ्यात ओला कोबा तासाभरात केसासारख्या भेगा दाखवतो. तरीही पुढे वाळताना तो थोडा आकसतोच. म्हणून मध्ये काचेच्या पट्ट्या घालून चौकोन पाडतात. भेग जायचीच असेल तर पट्टीच्या रेषेत जाते.

महिनाभराने वरणाच्या फोडणीतली हळद सांडली. डाग पिवळा पडायला हवा होता, तर विटकरी लाल उमटला. मुक्या मारावर हळद-चुन्याचा लेप लावतात, तो लाल का होतो, तेच इथे घडलं. हळदीतलं कुर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य अल्कलीत, म्हणजे चुन्यासारख्या आम्लाच्या उलट पदार्थात, लाल होतं आणि नव्या सिमेंटमध्ये चुना भरपूर मोकळा असतो. लिंबू चोळलं तर लाली जाते, पण तो मोह टाळा. लिंबू, चिंच, ताक यांतली आम्लं तोच चुना खातात आणि तिथे खरखरीत पांढुरका व्रण राहतो. कुर्क्युमिन उन्हात विटतं, आमचा डाग खिडकीतल्या उन्हाने फिका झाला. त्यानंतर आम्ही सिलिकेटचं द्रावण मारून घेतलं. ते मोकळ्या चुन्याशी संयोग पावतं आणि छिद्रं बुजवतं. तेलाचा डाग मात्र अजूनही लगेच पुसावा लागतो.

लाकडाचं दुखणं वेगळं. ते हवेतली ओल पितं आणि सोडतं. उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी असते की लाकडातली ओल वजनाच्या पाच-सहा टक्क्यांवर येते, श्रावणात ती पंधराच्या पुढे जाते. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला फुगतं. म्हणून श्रावणात ड्रॉवर अडकतो आणि मे महिन्यात दाराच्या जोडात फट दिसते. सागवान यात इतरांपेक्षा शांत, शिवाय त्यातल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवी सहसा नादी लागत नाही. आम्ही जुन्या घराच्या तुळया चिरून दारं केली. रुंद फळीऐवजी चौकट आणि तिच्या खाचेत मोकळी बसवलेली पातळ फळी, अशी रचना सुतारांनी केली. फळीला फुगायला जागा आहे, चौकट तशीच राहते.

डोळ्याची ऊब हाही प्रकाशाचाच खेळ आहे. सागवान निळा प्रकाश गिळतं आणि तांबडा-पिवळा परत टाकतं. करडा कोबा सगळे रंग जवळपास सारखेच परतवतो. दिव्याच्या प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये सांगतात, आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर. वर 6500 केल्विनची पांढरी ट्यूब होती तेव्हा लाकूड आजारी दिसायचं, कारण परतवायला तांबडा प्रकाशच पुरेसा नव्हता. 3000 केल्विनचे दिवे लावले आणि तीच दारं मधासारखी दिसू लागली. ओट्यावर, भाजी चिरायच्या जागी, आम्ही 4000 चा ठेवलाय. मिरचीचं देठ नीट दिसलं पाहिजे.

राहिले आईचे पाय. शेगडीपुढे दोन फूट रुंद सागवानी पट्ट्यांचा पाट केलाय, खाली बोटभर उंच ठोकळे. पट्ट्यांमध्ये फट ठेवलीय, म्हणजे पाणी खाली जातं आणि लाकूड सुकतं. पावसाळ्यात तो दर रविवारी उचलून भिंतीला उभा करावा लागतो. मार्चमध्ये आई तो स्वतःच बाजूला सारते आणि कोब्यावर अनवाणी उभी राहते.