माझी गार बोटं आणि कालव्याचा टेल

परभणीत डिसेंबरअखेर पारा एक आकडी झाला की कृषी विद्यापीठाच्या आवारातल्या तापमानाची बातमी ठरलेली. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री आपली उष्णता आभाळाकडे सोडून देते आणि तिला अडवायला ना ढग असतात ना पुरेसं बाष्प. अशाच एका रात्री आमच्या घरात पंख्यावरून जुंपली.

“अहो, तेवढा पंखा बंद करा.”

“एकवरच हाय की. मला गदगदू लालंय.”

“मी दोन वाकळा घेऊन कुडकुडू लाले अन् तुम्हाला गदगदू लालंय?”

“तुझ्या अंगात रक्त हाय का जायकवाडीचं पाणी?”

“पाणीच समजा. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, टेलला पोचंना गेलंय.”

सासूबाई म्हणायच्या, तापट माणसाला थंडी वाजत नसते. आमच्याकडे नेमकं उलटं. हे शांत, कशाचीच घाई नसलेले; तापट मी. आणि बारा महिने गार बोटं माझीच. शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे हा वाद तोंडी मिटवणं मला पटेना. थर्मामीटर काढला. जिभेखाली त्यांचं तापमान ३६.६ अंश सेल्सिअस, माझं ३६.८. म्हणजे आतून मी तसूभर गरमच! मग कोरोनाच्या काळात घेतलेलं बंदुकीसारखं यंत्र वस्तूचं तापमान मोजण्यावर ठेवून बोटांच्या टोकांवर धरलं. त्यांची बोटं ३१ अंश, माझी २२.

हे आमच्याच घरचं नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये असंच निरीक्षण छापलं होतं: बायकांच्या शरीराचं आतलं तापमान पुरुषांपेक्षा किंचित जास्त, पण हात सुमारे दीड अंशाने गार. थंडी ‘वाजते’ ती मुख्यतः कातडीला. कातडीतल्या चेतातंतूंच्या टोकांवर टीआरपीएम-८ नावाचं प्रथिन असतं. कातडी साधारण २६ अंशांच्या खाली गेली की ते उघडतं आणि मेंदूला ‘गार’ असा निरोप जातो. पुदिन्यातल्या मेन्थॉलनेही तेच उघडतं, म्हणून पेपरमिंटची गोळी तोंडाला गार लागते. २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन या दोन शास्त्रज्ञांनी ते स्वतंत्रपणे ओळखलं. तापमान आणि स्पर्श यांच्या संवेदनांवरच्या कामासाठी दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. माझं हे प्रथिन २२ अंशांच्या कातडीत बसलेलं आहे, त्यांचं ३१ च्या. एकाच खोलीतून दोन मेंदूंना दोन वेगळे निरोप जाणारच.

आता खरा प्रश्न: माझी बोटं २२ वर का उतरतात? याचं उत्तर मला इतकं आवडतं की त्यासाठीच हा लेख लिहायला बसले.

धरणात जिवंत साठा, म्हणजे वापरता येणारं पाणी, कमी असलं की पहिली कात्री टेलच्या चाऱ्यांना लागते. शरीरातला साठा म्हणजे हृदय, मेंदू, यकृत यांची ३७ अंशांची ऊब. कालवा म्हणजे रक्त. टेल म्हणजे बोटं, तळवे, नाकाचा शेंडा, कान. या टेलच्या कातडीत एक खास रचना असते. एरवी धमनीतलं रक्त केसाहून कितीतरी बारीक केशवाहिन्यांतून फिरून शिरेत येतं. इथे मात्र धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या, केशवाहिनीच्या कैक पट रुंद, जाड स्नायूंच्या आडवाटा असतात. पेशींना अन्न पुरवणं हे त्यांचं काम नाही. ऊब बाहेर टाकणं किंवा राखून ठेवणं, एवढ्यासाठीच त्या आहेत. प्रत्येकीवर अनुकंपी चेतासंस्थेचे, म्हणजे आपल्या नकळत काम करणाऱ्या मज्जासंस्थेचे, तंतू पाटाचं पाणी सोडणाऱ्या-अडवणाऱ्या पाटकऱ्यासारखे बसलेले. मेंदूने सांगितलं की नॉरॲड्रेनॅलिन नावाचं रसायन सुटतं, स्नायू आवळतात, गेट बंद.

आणि गेट किती आवळावं लागतं? एकोणिसाव्या शतकात फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी बारीक नळ्यांतला प्रवाह मोजून दाखवलं की दाब तोच असेल तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. एक तृतीयांश केली तर एक्याऐंशीवा! रक्त पाण्याइतकं साधं नाही, त्यामुळे आकडे तंतोतंत लागू पडत नाहीत. पण जराशा आवळण्याने बोट एकदम गार का पडतं, ते यातून कळतं.

अजून एक गंमत आहे. नॉरॲड्रेनॅलिन पकडणारे अल्फा-२सी नावाचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणारी प्रथिनं) एरवी स्नायूपेशीच्या आत दडलेले असतात. कातडी गार झाली की ते पेशीच्या पृष्ठभागावर येतात. म्हणजे थंडीत तोच निरोप गेटला जास्त मोठ्याने ऐकू येतो. इस्ट्रोजेन या बायकांमध्ये जास्त असणाऱ्या संप्रेरकामुळे हे ग्राहक वाढतात, असं प्रयोगशाळेत पेशींवर दिसलं आहे. त्यातच पुरुषांच्या अंगात स्नायू जास्त, म्हणून बसल्या जागी तयार होणारी उष्णताही जास्त. यांच्या साठ्यात आवक चांगली आहे, टेल बंद करायची वेळच येत नाही.

मनावर ताण आला की हाच पाटकरी कामाला लागतो. बोटांच्या वाहिन्या आवळतात, बोटांची टोकं गार पडतात. तेव्हा ‘स्वभाव गरम म्हणून अंग गरम’ असं काही नाही.

तालुक्याच्या गावी हॉल भाड्याने घेऊन ‘रक्तातल्या लोहाला ओढून अंगात ऊब आणणारी’ चुंबकाची गादी हजारो रुपयांना विकतात. रक्तातलं लोह म्हणजे खिळा नव्हे. हे लोह हिमोग्लोबिन या प्रथिनात असतं, आणि प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जात नाही, उलट अगदी किंचित दूर सारलं जातं, हे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. म्हाताऱ्या माणसांचे पैसे असे जाताना पाहून फार वाईट वाटतं. दारूबद्दल तर हात जोडून सांगते. रात्रीच्या लाईटवर हरभऱ्याला पाणी द्यायला जाताना ‘ऊब यावी’ म्हणून घोट घेणारे पुष्कळ आहेत. दारू टेलची गेटं उघडते. कातडी गरम लागते आणि धरण रिकामं होत जातं.

बोटं पांढरी-निळी पडून दुखत असतील, किंवा थंडीबरोबर सतत थकवा असेल, तर डॉक्टरांना दाखवा. रक्तक्षय आणि थायरॉइडची कमतरता आपल्याकडे बायका ‘माझं अंगच गार’ म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढतात.

त्या रात्री मी आधी स्वेटर घातला, कारण छाती-पोट उबदार झालं की मेंदू टेलची गेटं आपोआप सैल करतो. उरले पाय. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं होतं की पाय उबदार असले की झोप लवकर लागते.

“अहो, पाय द्या इकडं.”

“अगं, बर्फ हाय का काय!”

ओरडले, पण पाय काढून घेतला नाही. वीस मिनिटांनी यंत्र धरून पाहिलं. माझा अंगठा २८ वर चढला होता, त्यांचा एका अंशाने उतरला होता.