मॉड्यूलर बहुस्तरीय परिवर्तकातील दाब-ऊर्मी

मॉड्यूलर बहुस्तरीय परिवर्तक (कन्व्हर्टर) प्रत्यावर्ती (एसी) आणि एकदिश (डीसी) विजेचे एकमेकांत रूपांतर करतो. त्याच्या प्रत्येक कलेत (फेजमध्ये) वरची व खालची अशा दोन भुजा असतात. भुजेत एकसरीत जोडलेल्या प्रत्येक उपघटकात एक धारित्र (कपॅसिटर) असते. त्याचा विद्युतदाब (व्होल्टेज) सरासरीभोवती सतत वरखाली होतो. या चढउताराला दाब-ऊर्मी, व्यवहारात रिपल, म्हणतात. 2,000 व्होल्टच्या धारित्रावर ±10% ऊर्मी असेल, तर 50 हर्ट्‌झच्या प्रत्येक आवर्तनात दाब 1,800 ते 2,200 व्होल्टांमध्ये झुलतो. वरचे टोक अर्धसंवाहक स्विचला सोसावे लागते. खालच्या टोकालाही हवा तो प्रत्यावर्ती दाब उभा करता आला पाहिजे.

या रचनेच्या जनकत्वाविषयी दोन मते आहेत. काही लेखक तिचे मूळ बेकर व बॅनिस्टर यांच्या 1975 च्या एकस्वातील (पेटंटमधील) साखळी-रचनेत शोधतात. परंतु दोन्ही टोके सामाईक एकदिश वाहिनीला जोडलेली भुजांची जोडी आणि तिच्या आतील ऊर्जेचा प्रश्न 2001 च्या सुमारास म्युनिकमधील राइनर मार्क्वार्ट यांच्या मांडणीतून पुढे आला. तोच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सॅन फ्रान्सिस्कोची ट्रान्स बे केबल (2010, 400 मेगावॅट, ±200 किलोव्होल्ट) हा या रचनेवरचा पहिला उच्चदाब एकदिश प्रकल्प.

दोनच दाबपातळ्या देणाऱ्या साध्या द्विस्तरीय परिवर्तकात तिन्ही कलांची स्पंदने एकाच सामाईक धारित्रावर येऊन परस्परांना खोडतात. इथे प्रत्येक भुजेला आपला भार एकटीने वाहावा लागतो. भुजेचा दाब आणि प्रवाह या दोहोंत एकदिश व प्रत्यावर्ती असे अंश असतात. त्यांच्या गुणाकारातून मूळ वारंवारतेची आणि तिच्या दुप्पट वारंवारतेची शक्ती-स्पंदने निर्माण होतात. ती पेलण्यासाठी क्षमतेच्या दर एमव्हीएमागे (मेगाव्होल्ट-अँपिअरमागे) साधारण 30 ते 40 किलोजूल ऊर्जा साठवणारी धारित्रे बसवतात. उपघटकाच्या आकारमानाचा मोठा हिस्सा तीच व्यापतात, म्हणून ऊर्मी घटवण्याला एवढे महत्त्व.

कलांमध्ये आपोआप फिरणारा दुप्पट वारंवारतेचा प्रवाह बाह्य प्रत्यावर्ती बाजूस दिसत नाही, पण भुजेतील तापव्यय वाढवतो. तो नियंत्रकाने दाबून टाकावा, हा पारेषणातील रूढ मार्ग. दुसरा पक्ष तोच प्रवाह योग्य कलाकोन व परिमाणाने मुद्दाम सोडतो. त्यामुळे ऊर्मी आणखी उतरते, व्यय मात्र वाढतो. जागेची टंचाई असलेल्या ठिकाणी हा दुसरा मार्ग उजवा ठरतो. उलट दिशेचाही दाब देऊ शकणारे पूर्णसेतू (फुल-ब्रिज) उपघटक वापरल्यास मूर्च्छना-निर्देशांक (मॉड्युलेशन इंडेक्स), म्हणजे प्रत्यावर्ती दाबाच्या शिखराचे एकदिश दाबाच्या निम्म्याशी गुणोत्तर, 1 च्या पुढे नेता येतो. तो √2, म्हणजे सुमारे 1.41, असता आणि शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर) 1 असता मूळ वारंवारतेचे स्पंदन गणिताने शून्य होते. दुप्पट वारंवारतेचे तेवढे उरते.

ऊर्मी वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात वाढते. त्यामुळे मंद गतीने, म्हणजे कमी वारंवारतेने, चालणाऱ्या विजेच्या मोटरींसाठी हा परिवर्तक मुळात गैरसोयीचा. तिथे उच्च वारंवारतेचा सामाईक (तिन्ही कलांना समान) दाब व फिरता प्रवाह एकत्र योजून ऊर्जा वरच्या भुजेतून खालच्या भुजेत आणि पुन्हा वर अशी वेगाने हलवत ठेवतात.