चाचणी-मंचावरचे इंजिन आणि सर्किटवरचे इंजिन

२०१४ च्या जानेवारीअखेरीस फॉर्म्युला वनचे संघ नव्या इंजिनांच्या पहिल्या हंगामपूर्व चाचणीसाठी स्पेनमधील हेरेझच्या सर्किटवर जमले, तेव्हा त्याआधी लागोपाठ चार वर्षे जगज्जेतेपद मिळवलेल्या रेड बुल संघाला चार दिवसांत मिळून अवघ्या २१ फेऱ्या पूर्ण करता आल्या. त्याच चार दिवसांत मर्सिडीजने ३०९ फेऱ्या मारल्या. रेड बुलच्या गाडीतले रेनॉ इंजिन कारखान्यातल्या चाचणी-मंचावर चालवून पाहिलेले होते. तरीही गाडीत बसवून ते सर्किटवर नेताच वीज साठवणारी यंत्रणा, तिचे नियंत्रण करणारी संगणकप्रणाली आणि गाडीच्या घट्ट आवरणाखाली कोंडलेली उष्णता या तिन्हींनी मिळून गाडी जागच्या जागी खिळवली. हंगामपूर्व चाचणी पाहणाऱ्या बहुतेकांचे लक्ष सर्वांत वेगवान फेरी कोणाची, याकडे असते. माझ्या मते त्या दिवसांत लक्षपूर्वक वाचावा असा आकडा फेऱ्यांच्या संख्येचा आहे, कारण बंद खोलीत मोजलेले इंजिन आणि धावत्या गाडीतले इंजिन यांच्यातले अंतर त्यातूनच कळते.

त्या वर्षी बदल मोठा होता. आठ सिलिंडरांच्या २.४ लिटर इंजिनाच्या जागी सहा सिलिंडरांचे १.६ लिटरचे टर्बो (एक्झॉस्टच्या वायूंनी फिरून इंजिनात दाबाने हवा ढकलणारे यंत्र) असलेले इंजिन आले आणि त्याला दोन विद्युतयंत्रे जोडली गेली. त्यांपैकी एक ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा वीज म्हणून परत मिळवत असे, तर दुसरे टर्बोच्या दांड्यावर बसून एक्झॉस्टच्या तप्त वायूंतून वीज काढत असे. या दुसऱ्या यंत्राला नियमाने मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत फिरण्याची मुभा होती, आणि हे सारे शेकडो अंश तापलेल्या टर्बाइनला लागून, बॅटरी व वायरिंगपासून काही हातांच्या अंतरावर.

अशा इंजिनाच्या आत काय चालते, याचा अंदाज साध्या आकडेमोडीने येतो. नियमाप्रमाणे सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर असतो, त्यावरून पिस्टनची एका दिशेची धाव सुमारे ५३ मिलिमीटर येते. इंजिन मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल, तर पिस्टनला एका सेकंदात ४०० वेळा दिशा बदलावी लागते, आणि वरच्या टोकाला थांबून मागे वळताना त्याचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे पाच हजार पट असते. म्हणजे पाव किलोच्या पिस्टनला खाली खेचण्यासाठी त्याला क्रँकशाफ्टशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला एक टनाहून अधिक वजनाइतका जोर लावावा लागतो, तोही प्रत्येक फेऱ्याला. तेलाचा पुरवठा काही क्षण जरी तुटला, तरी बेअरिंगमधला तेलाचा पातळ थर नाहीसा होऊन धातू धातूला भिडतो आणि इंजिन निकामी होते.

तेलाचा हा प्रश्न २०१७ मध्ये बार्सिलोनाच्या चाचणीत होंडापुढे उभा राहिला. होंडाने त्या वर्षी मॅक्लारेन संघासाठी इंजिनाची रचना मुळापासून बदलली होती. चाचणीच्या पहिल्याच सकाळी तेलाच्या टाकीने दगा दिला आणि गाडी गॅरेजमध्ये परतली. या गाड्यांच्या इंजिनाखाली तेल साठत नाही. पंप ते खेचून वेगळ्या टाकीत नेतात आणि तिथून पुन्हा इंजिनाला देतात. वेगवान वळणावर गाडीला आडव्या दिशेने गुरुत्वाच्या चौपट त्वरण मिळत असेल, तर टाकीतल्या तेलाचा पृष्ठभाग आडव्या पातळीपासून सुमारे ७६ अंशांनी कलतो. तेल अक्षरशः टाकीच्या भिंतीवर उभे राहते. पंपाचे तोंड त्या क्षणी हवेत उघडे पडू नये, एवढ्यासाठी टाकीच्या आतले पडदे आणि कप्पे आखलेले असतात. चाचणी-मंच मात्र जमिनीला घट्ट बसवलेला असतो. त्यावर इंजिनाला हवा तेवढा भार देता येतो, पूर्ण शर्यतीचा वेगाचा आलेखही गिरवता येतो, पण वळण घेता येत नाही. इंजिनाला कलवणारे आणि हलवणारे मंचही असतात. तरी वळण, ब्रेक आणि सर्किटवरचे उंचवटे यांचा एकत्रित परिणाम त्यांवर पूर्णपणे उभा करणे अवघड असते.

त्याच चाचणीत दुसरा त्रास कंपनांचा होता, आणि मला तो अधिक शिकवणारा वाटतो. प्रत्येक ज्वलनागणिक क्रँकशाफ्टला पीळ बसतो. मंचावर त्या शाफ्टला भार मोजणारे जड यंत्र जोडलेले असते, तर गाडीत त्याच जागी गिअरबॉक्स, चाकांकडे जाणारे दांडे आणि रबरी टायर असतात. या दोन्ही साखळ्यांचे जडत्व आणि लवचीकपणा वेगळा असल्यामुळे त्यांची स्वाभाविक कंपनसंख्याही वेगळी असते. इंजिनाचे धक्के त्या कंपनसंख्येशी जुळले, की अनुनाद होऊन कंपने वाढत जातात. मंचावर शांत असलेला वेग गाडीत नेमका धोक्याचा ठरू शकतो तो यामुळे. आठ दिवसांच्या त्या चाचण्यांत मर्सिडीजने एक हजाराहून अधिक फेऱ्या मारल्या, मॅक्लारेनला त्याच्या निम्म्याही जमल्या नाहीत, आणि हंगामाअखेरीस होंडा व मॅक्लारेन वेगळे झाले. होंडाने मात्र काम सोडले नाही, आणि २०२१ मध्ये रेड बुलचा चालक मॅक्स व्हर्स्टॅपेन याने होंडाच्याच इंजिनाच्या बळावर विश्वविजेतेपद मिळवले.

इंजिनाचा टिकाऊपणा जसा तो कुठे आणि कोणत्या अवस्थेत तपासला यावर ठरतो, तसेच नियमपालनाचेही आहे. एफआयए ही या खेळाची जागतिक नियामक संस्था नियमावलीत मर्यादा लिहिते. ती पाळली गेली की नाही, हे कोणत्या तरी मापकाने, कोणत्या तरी तापमानाला मोजावे लागते. २०१४ पासून इंधनाच्या प्रवाहावर ताशी १०० किलोग्रॅम, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ ग्रॅम, अशी मर्यादा आली. त्यासाठी बसवलेला मापक इंधनातून प्रवाहाच्या दिशेने आणि उलट दिशेने श्राव्यातीत ध्वनी सोडतो व दोन्ही प्रवासांच्या वेळांतला फरक मोजतो. इंधनाचा वेग त्यावरून कळतो, पण वस्तुमान काढायचे तर घनता हवी, आणि घनता तापमानाबरोबर बदलते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या शर्यतीत दुसरा आलेला रेड बुलचा डॅनियल रिकार्डो या मर्यादेच्या भंगाबद्दल अपात्र ठरला. मापकाचे आकडे भरवशाचे नव्हते, म्हणून आम्ही स्वतःच्या गणितावर विसंबलो, असे संघाचे म्हणणे होते. अपील फेटाळले गेले. हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण मापक सदोष असेल तर त्याची दुरुस्ती ठरवण्याचा अधिकार स्पर्धकाकडे गेल्यावर मर्यादेला अर्थच राहत नाही.

पुढे २०१९ मध्ये शंका आणखी सूक्ष्म झाली. मापक ठरावीक क्षणांनाच नोंद घेत असेल, तर दोन नोंदींच्या मधल्या वेळात अधिक इंधन पाठवता येईल का, अशा आशयाची विचारणा रेड बुलने एफआयएकडे केली, आणि एफआयएने तसे करणे नियमबाह्य असल्याचे लेखी कळवले. फेरारीच्या इंजिनाची चौकशी झाली. २८ फेब्रुवारी २०२० रोजी, बार्सिलोनातील हंगामपूर्व चाचणीच्या शेवटच्या दिवशी, फेरारीशी गोपनीय समझोता झाल्याचे एफआयएने जाहीर केले. फेरारीचे इंजिन न वापरणाऱ्या सात संघांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली, तेव्हा नियमभंगाचा निर्विवाद पुरावा देणे शक्य नसल्याचे एफआयएने सांगितले. त्या हंगामापासून प्रत्येक गाडीत इंधनप्रवाहाचा दुसरा मापक सक्तीचा झाला. गोपनीयतेने तेव्हा प्रेक्षकांचे आणि इतर संघांचे नुकसान केले, हे माझे मत आजही कायम आहे.

२०२६ च्या नव्या नियमांनी टर्बोच्या दांड्यावरचे यंत्र काढून टाकले, ब्रेकची ऊर्जा परत मिळवणाऱ्या विद्युतयंत्राची शक्ती १२० वरून ३५० किलोवॅटवर नेली आणि इंधनाची मर्यादा वस्तुमानाऐवजी ऊर्जेत, ताशी ३,००० मेगाज्यूल अशी बांधली. पहिली शर्यत होण्याआधीच वाद पेटला तो मात्र कॉम्प्रेशन रेशोवरून, म्हणजे पिस्टन खालच्या टोकाला असताना सिलिंडरमध्ये असलेली जागा आणि वरच्या टोकाला उरणारी जागा यांच्या गुणोत्तरावरून. ही मर्यादा १८ वरून १६ वर आणली गेली, आणि मोजणी थंड इंजिनावर, सभोवतालच्या तापमानाला करायची ठरली. थंड असताना १६ भरणारे, पण तापल्यावर धातू प्रसरण पावून त्याहून अधिक दाब देणारे इंजिन बनवता येते का, हा प्रश्न होता. एका सिलिंडरचे आकारमान सुमारे २६७ घनसेंटिमीटर धरले, तर १६ या गुणोत्तरासाठी पिस्टनच्या डोक्यावर १७.८ घनसेंटिमीटर जागा उरावी लागते आणि १८ साठी १५.७. हा फरक पिस्टनच्या उंचीत मांडला, तर जेमतेम ०.४ मिलिमीटर भरतो. त्यातून मिळणारी सैद्धांतिक कार्यक्षमता सुमारे अडीच टक्क्यांनी वाढते, आणि इंधनाची ऊर्जा सर्वांना सारखीच मिळत असताना ही वाढ मोठी असते.

शंभर अंशांनी तापलेला १२ सेंटिमीटरचा पोलादी कनेक्टिंग रॉड सुमारे ०.१४ मिलिमीटरने लांबतो. त्याच वेळी त्याच्याभोवतीचा ॲल्युमिनियम मिश्रधातूचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा मुख्य सांगाडा, त्याहून अधिक प्रसरण पावतो आणि मोकळी जागा उलट वाढवतो. म्हणून तापल्यावर गुणोत्तर वाढवायचे असेल, तर धातूंची निवड आणि तापमानाची वाटणी हेतुपुरस्सर करावी लागेल. अशी रचना नियमाच्या शब्दात बसते की हेतूला छेद देते, यावर प्रामाणिक अभियंत्यांतही मतभेद राहतील. मोजणी मात्र इंजिन प्रत्यक्ष ज्या तापमानाला काम करते त्या तापमानाला व्हावी, आणि तिची पद्धत ओतकाम सुरू होण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक असावी, असे मला ठामपणे वाटते, कारण चाचणीसाठी गाड्या सर्किटवर उतरतात तोवर ब्लॉक आणि पिस्टन तयार झालेले असतात, आणि त्यांची रचना बदलायला काही महिने लागतात.