फॅन बेल्ट घट्ट बसला की झालं, टायमिंग बेल्टचं तसं नाही

जुनी गाडी विकणारा छातीठोक सांगतो, "बेल्ट बदललाय, बिलसुद्धा आहे." ते बिल नीट वाचा. त्यावर ४पीके किंवा ६पीके आणि पुढे तीन-चार आकडे असतील, तर बदललाय तो फॅन बेल्ट. पहिला आकडा बेल्टच्या आतल्या लांब शिरांचा, पुढचा मिलिमीटरमधल्या लांबीचा. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडण्या-मिटण्याचं काम ज्याच्यावर चालतं त्या टायमिंग बेल्टला अशा शिरा नसतात, त्याला आडवे दात असतात. या घोळातूनच दुसरा घोळ निघतो: "फॅन बेल्ट मी घरीच टाकतो, मग टायमिंग बेल्टला गॅरेज कशाला?" बऱ्याच गाड्यांचा टायमिंग बेल्ट घरी बदलता येतो, हे खरं. पण फॅन बेल्टची सवय घेऊन त्याला हात लावू नका.

फॅन बेल्टबद्दल फार सांगायला नको. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, काही गाड्यांत वॉटर पंप आणि पॉवर स्टिअरिंग त्याच्यावर चालतं. बोल्ट ढिला करा, जुना काढा, नवा चढवा, ताणून अंगठ्याने दाबून बघा. तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो, वॉटर पंप त्याच्यावर असेल तर इंजिन तापतं. गाडी वेळीच बाजूला घेतली तर बहुतेक वेळा इंजिन वाचतं.

वरवरचे फरक पटकन उरकतो. फॅन बेल्ट बोनेट उघडलं की दिसतो, टायमिंग बेल्ट प्लॅस्टिकच्या कव्हरमागे असतो. काही व्ही-बेल्टच्या, म्हणजे व्ही आकाराच्या फॅन बेल्टच्या, आतल्या बाजूलाही खाचा असतात, पण त्या बेल्ट सहज वाकावा म्हणून, पुलीत अडकण्यासाठी नाहीत. फॅन बेल्ट पहिल्या पावसात किंचाळून कळवतो, टायमिंग बेल्ट बहुधा काहीच कळवत नाही. म्हणून "दिसायला चांगला आहे, अजून चालेल" हे वाक्य मला अजिबात खपत नाही. कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात. त्यातलं जे आधी भरेल तेव्हा बेल्ट बदलायचा. जुन्या डिझेल इनोव्हात तर त्यासाठी डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवाच आहे. मात्र तो दिवा किलोमीटर मोजतो, बेल्टची तब्येत बघत नाही.

आता खरा मुद्दा. फॅन बेल्ट घर्षणावर चालतो. पायमशीनचा चामडी पट्टा जसा चाकावर कुठूनही चढवला तरी मशीन शिवतं, तसाच हाही. पुली कुठल्या कोनात उभी आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. टायमिंग बेल्टचं सगळं काम मात्र तो कोन सांभाळण्याचंच आहे. पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँक, व्हॉल्व्ह उघडतो तो कॅम. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला हवा, आणि तोही ठरलेल्या जागेपासून सुरू झालेला. पिस्टन वर येत असताना कुठला व्हॉल्व्ह उघडा आणि कुठला बंद, हे या एका बेल्टवर ठरतं. क्रँकच्या पुलीला २० दाते असतील, तर एक दात चुकला की क्रँक १८ अंशांनी चुकला. गाडी कदाचित सुरू होईलही, पण ओढणार नाही, इंधन जास्त खाईल, चेक इंजिनचा दिवा दाखवेल. जास्त दात चुकले तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. बहुतेक डिझेल इंजिनांत आणि अनेक पेट्रोल इंजिनांत त्या दोघांना एकाच वेळी पुरेल एवढी जागाच नसते. मग व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवावं लागतं.

म्हणून पुलीवर आणि इंजिनाच्या अंगावर एकमेकांसमोर आणायच्या खुणा असतात. क्रँकची खूण जुळली की लोक निर्धास्त होतात, आणि चूक तिथेच होते. कॅमच्या एका फेऱ्यात क्रँकची खूण दोनदा जुळते, त्यातल्या एका वेळी कॅम अर्धा फेरा लांब असतो. दोन्ही खुणा एकाच वेळी जुळल्या पाहिजेत. आणि क्रँकची खूण बाहेरच्या मोठ्या पुलीवरची धरू नका. ती पुली काढल्यावर आत जी दातेरी पुली दिसते, तिच्यावरची धरा. इंजिनात डिझेल सोडणारा जुना रोटरी पंप असलेल्या गाड्यांत त्या पंपाची खूण ही तिसरी.

खुणा जुळवूनही बेल्ट चुकतो, तो ढिलाईमुळे. नवा बेल्ट क्रँकवरून सुरू करा, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारं चाक) नसलेल्या बाजूने ताठ वर न्या, कॅमवर बसवा आणि मग टेन्शनरकडे उतरा. सगळी ढिलाई टेन्शनरच्याच बाजूला आली पाहिजे. ती दुसऱ्या बाजूला राहिली, तर टेन्शनर ताणताना कॅम हळूच फिरतो आणि मघाशी जुळलेली खूण दातभर सरकते. डोळ्यांना ते लगेच कळत नाही. म्हणून स्पार्क प्लग काढून, क्रँकच्या बोल्टला गोटी पाना लावून इंजिन त्याच्या चालीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. मध्येच कडक अडथळा लागला तर तिथेच थांबा. हाताला लागलेला अडथळा म्हणजे फक्त इशारा असतो, सेल्फ मारून तोच अडथळा ओलांडला तर वाकलेला व्हॉल्व्ह. काही नव्या बेल्टवर रंगाच्या रेघा छापलेल्या असतात. दोन फेऱ्यांनंतर त्या भलतीकडे गेलेल्या दिसतील. घाबरू नका, बघायच्या त्या पुलीवरच्या खुणा.

जुन्या बेल्टवर व्हाइटनरने खुणा करून, दात मोजून त्या नव्यावर उतरवण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. पडताळा म्हणून ठीक. पण आधीच्या माणसाने एक दात चुकवला असेल, तर तुम्ही त्याचीच चूक इमानेइतबारे पुढे नेता.

ताणाचंही तसंच. "घट्ट बरा" हा फॅन बेल्टचा हिशोब इथे चालत नाही. जास्त ताणलेला टायमिंग बेल्ट घरघरतो आणि बेअरिंग खातो. स्प्रिंगवाल्या टेन्शनरचा बोल्ट ढिला ठेवून स्प्रिंगला तिचं काम करू द्या, मग आवळा, तेही किती आवळलं ते मोजणाऱ्या टॉर्क रेंचने. टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला वळण देणारं मोकळं चाक) नवेच घाला. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर तोही. ऑइल सील पाझरत असेल तर आत्ताच बदला, कारण तेल लागलेला बेल्ट टिकत नाही.

सुरू करण्याआधी मुळात बेल्ट आहे का, ते बघा. आय-टेनच्या १.१ इंजिनात बेल्ट आहे, १.२ कप्पा इंजिनात त्याऐवजी चेन. अल्टो ८०० मध्ये बेल्ट, अल्टो के-टेनमध्ये चेन. स्विफ्टच्या १.३ डिझेलमध्येही चेनच. साधं, एका कॅमचं, पुलीवर स्पष्ट खुणा असलेलं पेट्रोल इंजिन घरी करायला माझी ना नाही. डस्टरचं १.६ पेट्रोल मात्र घरी उघडू नका. त्यात क्रँकची दातेरी पुली चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी पाचरीने) अडकवलेली नसते, फक्त बोल्टच्या आवळण्यावर धरलेली असते. क्रँक आणि कॅम जागच्या जागी धरून ठेवणारी खास हत्यारं नसतील तर तिथे जुळवायला काहीच उरत नाही. ती हत्यारं ज्याच्याकडे आहेत, त्याच गॅरेजला ती गाडी द्या.